आश्रयाचा भार आणि युरोपची तिजोरी

लांपेदुसा हे भूमध्य समुद्रातील एक चिमुकले बेट आहे. राज्य इटलीचे, परंतु नकाशा उघडून पाहिला तर सिसिलीपेक्षा ते ट्यूनिशियाच्या किनाऱ्यालाच अधिक जवळ असल्याचे दिसते. विस्तार अवघा वीस चौरस किलोमीटर. ३ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे ह्या बेटाच्या अगदी दृष्टिपथात, लिबियाहून आलेली एक मच्छीमारी नौका पेटली, उलटली आणि बुडाली. तीत बहुतांश एरिट्रियाचे लोक होते. साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांच्या शवपेट्या विमानतळाच्या हँगरमध्ये ओळीने मांडाव्या लागल्या.

पंधरवड्याच्या आत इटलीच्या आरमाराने ‘मारे नोस्त्रुम’ नावाची मोहीम सुरू केली. ‘आमचा समुद्र’ असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. प्राचीन रोमन लोक भूमध्य समुद्राला ह्याच नावाने संबोधीत. ह्या मोहिमेचा खर्च महिन्याला सुमारे ९० लक्ष युरो होता आणि वर्षभरात तिने दीड लक्षाच्या आसपास माणसे पाण्यातून वर काढली. समुद्र ‘आमचा’ असला तरी सरहद्द साऱ्या युरोपची आहे, तेव्हा खर्चही साऱ्यांनी वाटून घ्यावा, असे रोमचे म्हणणे होते. इतर राजधान्यांतून त्यास फारसा होकार आला नाही. बुडणाऱ्यांना वाचविले की आणखी लोक नौकेत बसतात, असाही युक्तिवाद काहींनी केला. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी इटलीने मोहीम आवरली, आणि दुसऱ्याच दिवशी युरोपीय संघाची ‘ट्रायटन’ मोहीम सुरू झाली. तिची तरतूद महिन्याला २९ लक्ष युरो, आणि मुख्य हेतू बचाव नव्हे, तर सरहद्दीवरील देखरेख. पुढील एप्रिलच्या १८ तारखेस एकाच रात्री, एकाच नौकेबरोबर, आठशेच्या आसपास माणसे बुडाली. पाच दिवसांनी ब्रुसेल्सला शासनप्रमुखांची तातडीची बैठक भरली आणि ट्रायटनचा निधी तिप्पट करण्याचे ठरले. म्हणजे एकटी इटली जेवढे खर्च करीत होती, साधारण तेवढ्याच रकमेवर सारा संघ मिळून येऊन पोहोचला. वरातीमागून घोडे, असे ह्यास म्हणावे लागेल. पण ह्या वरातीत मधल्या काळात माणसे मेली होती.

सत्तावीस राष्ट्रांचा संघ, त्यांपैकी कित्येक जगातील संपन्न राष्ट्रे. तरीही आश्रय आणि सरहद्द ह्यांच्या खर्चाचा प्रश्न त्यांच्यात सुटत का नाही, हे समजावयाचे तर दोन करारांकडे वळावे लागते. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन ह्या खेड्याजवळ, मोझेल नदीत नांगरलेल्या एका बोटीवर, पाच राष्ट्रांनी आपसांतील सरहद्दीवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. आज ह्या व्यवस्थेत २९ राष्ट्रे आहेत. घरातील खोल्यांमधल्या भिंती पाडल्या की बाहेरच्या दारालाच महत्त्व येते. त्याप्रमाणे ग्रीस, इटली, माल्टा, स्पेन ही राष्ट्रे साऱ्या घराची द्वारपाल बनली. दुसरा करार १९९० चा, डब्लिनचा. त्याचे अनेक बारकावे आहेत. परंतु व्यवहारात त्याचा मथितार्थ असा झाला की, आश्रयार्थी ज्या देशात प्रथम पाऊल ठेवील त्या देशानेच बहुधा त्याच्या अर्जाचा निर्णय करावा आणि तोवर त्याचा सांभाळ करावा. पहिल्या कराराने दाराचे काम द्वारपालावर सोपविले आणि दुसऱ्याने आलेला पाहुणाही त्याच्याच माथी मारला. जर्मनी आणि स्वीडन ह्यांनी २०१५ मध्ये दारापासून दूर असूनही मोठ्या संख्येने लोक सामावून घेतले, हे येथे नमूद केलेच पाहिजे; पण ते कराराच्या बळावर नव्हे.

ही विषमता पैशाने भरून काढावी, ह्या कल्पनेतून २००० साली युरोपीय निर्वासित निधी स्थापन झाला. पाच वर्षांसाठी रक्कम २१ कोटी ६० लक्ष युरो. एवढ्या मोठ्या संघाच्या मानाने ती चिल्लरच होय. २००७ ते २०१३ ह्या काळासाठी चार निधी निघाले आणि त्यांची एकत्रित रक्कम चारशे कोटींच्या घरात गेली. पण वाटणी पाहण्यासारखी आहे. बाह्य सरहद्दीसाठी १८२ कोटी. परदेशीयांना समाजात सामावून घेण्यासाठी ८२ कोटी ५० लक्ष. अर्ज नामंजूर झालेल्यांना परत पाठविण्यासाठी ६७ कोटी ६० लक्ष. आणि प्रत्यक्ष निर्वासितांसाठी ६३ कोटी. चौघांत निर्वासितांचे पान सर्वांत शेवटी वाढलेले दिसते.

२०२१ ते २०२७ ह्या सात वर्षांच्या अंदाजपत्रकात आश्रय, स्थलांतर आणि समावेश ह्यांच्या संयुक्त निधीला सुमारे ९८८ कोटी युरो मिळाले, आणि सरहद्द व व्हिसा व्यवस्थेच्या निधीला सुमारे ६२४ कोटी. ह्या आकड्यांवरून आश्रयाचे पारडे जड झाल्याचा भास होतो. परंतु पहिल्या निधीतून सभासद राष्ट्रांना जी प्राथमिक वाटणी होते, तिचे सूत्रच असे आहे की, प्रत्येक राष्ट्राला ठराविक रक्कम दिल्यानंतर उरलेल्यातील ३५ टक्के आश्रयाच्या, ३० टक्के कायदेशीर स्थलांतर व समावेशाच्या आणि ३५ टक्के बेकायदा स्थलांतर रोखून परत पाठवणी करण्याच्या निकषांवर वाटावयाचे. शिवाय फ्रोंटेक्स ह्या सरहद्द-संस्थेसाठी वेगळे ५६० कोटी धरलेले. वॉर्सा येथे ठाण मांडलेल्या ह्या संस्थेचे २००५ चे अंदाजपत्रक जेमतेम ६० लक्ष युरोंचे होते, आणि आता तिच्याजवळ २०२७ पर्यंत दहा हजारांचे गणवेशधारी दल उभारावयाचे आहे.

परत पाठविण्यावरील खर्चाचे फळ काय मिळते, ह्याची तपासणी संघाच्या स्वतःच्या लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये केली. दर वर्षी सरासरी पाच लक्ष परकीयांना देश सोडण्याचा हुकूम होतो. त्यांपैकी सुमारे २९ टक्के लोकच प्रत्यक्षात परत जातात, आणि युरोपखंडाबाहेरच्या देशांत परत जाणाऱ्यांचे प्रमाण तर १९ टक्के एवढेच. ज्या देशाने आपला माणूस स्वीकारावयाचा, तोच दार उघडत नसेल तर विमानाचे भाडे तयार असून उपयोग काय?

हा निधी कोणासाठी आहे, ह्याविषयी गोमंतकीय श्रोत्यांच्या मनात संभ्रम होण्याचा संभव आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांपैकी व त्यांच्या वंशजांपैकी ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवून घेतले, ते लिस्बनला उतरतात तेच युरोपीय नागरिक म्हणून. त्यांचा ह्या हिशेबाशी संबंध नाही. त्यांच्याच वाड्यावरचा, भारतीय पारपत्रावर जाणारा शेजारी मात्र तेथे ‘तिसऱ्या देशाचा नागरिक’ ठरतो, आणि तो इटलीत किंवा जर्मनीत रीतसर राहू लागला तर समावेशाच्या पैशातून चालणारा भाषेचा वर्ग त्याच्याही वाट्याला येऊ शकतो. आश्रयार्थी हा ह्या दोघांहून वेगळा. त्याच्याजवळ बहुधा व्हिसा नसतो, आणि पारपत्रही असतेच असे नाही.

अशा माणसाचे मोल निधीच्या नियमावलीत आकड्यांनी लिहिलेले आहे. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोक समुद्रमार्गे युरोपात आले; त्यांतील बहुतेक ग्रीसच्या बेटांवर उतरले. त्या सप्टेंबरात संघाने ठरविले की, इटली व ग्रीसमधून १,६०,००० आश्रयार्थी इतर राष्ट्रांनी वाटून घ्यावेत. घेणाऱ्या राष्ट्राला माणशी ६,००० युरो, आणि पाठविणाऱ्याला प्रवासखर्चापोटी ५०० युरो. दोन वर्षांच्या ह्या योजनेत जेमतेम पस्तीस हजार माणसे हलविली गेली. चेक प्रजासत्ताक, हंगेरी, स्लोव्हाकिया व रुमानिया ह्यांनी मतदानातच विरोध केला होता. हंगेरीने एकही माणूस घेतला नाही. पुढे २ एप्रिल २०२० रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयाने पोलंड, हंगेरी व चेक प्रजासत्ताक ह्यांना दोषी ठरविले, पण तोपर्यंत योजनेची मुदत केव्हाच संपलेली होती. सहा हजार युरो तिजोरीत तयार होते. ते घ्यावयास कोणी पुढे आले नाही.

ग्रीसमध्ये ह्याच्या उलट अनुभव आला. लेस्बोस बेटावरील मोरिया छावणी सुमारे तीन हजार लोकांसाठी होती; २०२० च्या आरंभी तेथे आणि भोवतालच्या ऑलिव्हच्या बागांत वीस हजारांच्या आसपास लोक राहत होते. युरोपचा पैसा ग्रीसमध्ये येत नव्हता असे नाही. २०१६ मध्ये तर संघाने सभासद राष्ट्रातील संकटासाठी खास तातडीची मदत मंजूर केली, तीन वर्षांसाठी ७० कोटी युरोंपर्यंत, आणि ती सरकारकडे न देता संयुक्त राष्ट्रांच्या व इतर सेवाभावी संस्थांच्या हाती दिली. परंतु बेटांवर अडकलेल्या माणसांना मुख्य भूमीवर आणि तेथून इतर देशांत जाण्याची वाट मोकळी होत नव्हती. पैशाने तंबू येतात, डॉक्टर येतात, दुभाषी येतात. वाट येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मोरिया आगीत भस्मसात झाली. त्यानंतर पाच बेटांवरील नव्या केंद्रांसाठी संघाने २७ कोटी ६० लक्ष युरो दिले. सामोस बेटावरचे केंद्र २०२१ मध्ये उघडले: पक्क्या खोल्या, पाणी, खेळाचे मैदान, आणि सभोवती तारांचे दुहेरी कुंपण व कॅमेरे.

कुंपणावरून आठवण होते ती आणखी एका वादाची. २०२१ मध्ये बेलारूसच्या सरहद्दीवरून लोक लोटले जाऊ लागले, तेव्हा बारा राष्ट्रांनी भिंती व कुंपणे बांधावयास युरोपीय तिजोरीतून पैसा मागितला. आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेअर लायन ह्यांनी तारांना आणि भिंतींना पैसा मिळणार नाही, असे त्या वेळी निक्षून सांगितले. पोलंडने १८६ किलोमीटरची पोलादी भिंत स्वतःच्या खर्चाने बांधली. पण कॅमेरे, टेहळणीचे मनोरे, वाहने आणि विद्युत-उपकरणे ह्यांना निधीतून मदत मिळतेच. तार स्वतःची आणि तारेवरचा डोळा संघाचा, अशी ही सोवळ्याओवळ्याची वाटणी आहे. हिशेबाच्या वहीत ती शोभते. कुंपणाबाहेर जंगलात बसलेल्या माणसाला तिच्यातील भेद कळणे कठीण.

आणि तरीही हेच पोलंड फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्या लोंढ्याला सामोरे गेले ते उघड्या दारांनी. ४ मार्च २०२२ रोजी संघाने २००१ पासून कपाटात पडून असलेला तात्पुरत्या संरक्षणाचा कायदा प्रथमच लागू केला. कोणी कोठे राहावे ह्याचा कोटा ठरला नाही. चाळीस लाखांहून अधिक लोक आपापल्या सोयीने विखुरले, जवळजवळ दहा लाख पोलंडमध्येच राहिले, आणि मागासलेल्या प्रदेशांच्या विकासासाठी ठेवलेला पैसा त्यांच्याकडे वळविण्याची मुभा नंतर देण्यात आली. येथे माणसे आधी आली आणि पैसा मागून. शेजार, धर्म, वर्ण आणि रशियाचे भय ह्यांचा त्यांत वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ह्या सर्व अनुभवांवरून मे २०२४ मध्ये संघाने स्थलांतर व आश्रय ह्यांविषयीचा नवा कायदेसमूह संमत केला आणि अंमलासाठी १२ जून २०२६ ही तारीख मुक्रर केली. त्यांत सक्तीचे सहकार्य आहे, पण ते कोणत्या रूपात द्यावे ह्याची निवड राष्ट्रावर सोपविली आहे: माणूस घ्या, किंवा पैसा द्या, किंवा अधिकारी व साधने पाठवा. नाकारलेल्या प्रत्येक माणसामागे २०,००० युरो हा दर धरला आहे. २०२१ च्या नियमावलीत असा माणूस घेणाऱ्याला निधीतून मिळणारी रक्कम १०,००० युरो होती, म्हणजे नकाराचा भाव स्वीकाराच्या दुप्पट. ह्यास कोणी दंड म्हणेल, कोणी सवलत. श्रीमंत राष्ट्राला वीस हजार युरो जड नाहीत, आणि ज्या राज्यकर्त्याने मतदारांना ‘एकही येणार नाही’ असे वचन दिले आहे त्याला तर तो सौदा स्वस्तच वाटावा. उलट ग्रीसला किंवा सायप्रसला पैसा मिळाला तरी माणूस तेथेच राहतो, त्याचा अर्ज तेथेच तुंबतो. शिवाय ह्या पैशातून संघाबाहेरील देशांत, लोक निघण्याआधीच त्यांना थोपविणाऱ्या योजनाही चालविता येतात. तुर्कस्तानशी १८ मार्च २०१६ च्या समझोत्यात ठरलेल्या ६०० कोटी युरोंपासून हा मार्ग रुळलेलाच आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्या वर्षाचा आकडा ठरला: २१,००० माणसांचे स्थानांतर किंवा तत्सम हातभार, आणि ४२ कोटी युरो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले तर बरोबर वीस हजार येतात. हा भार ज्यांचा हलका करावयाचा ती राष्ट्रे म्हणजे स्पेन, इटली, ग्रीस व सायप्रस. हंगेरीच्या सरकारने त्या वेळी आपण माणूसही घेणार नाही आणि पैसाही देणार नाही असे जाहीर केले. त्या देशाला १३ जून २०२४ रोजी आश्रयाचे कायदे धुडकावल्याबद्दल २० कोटी युरोंचा दंड आणि पुढील प्रत्येक दिवसास १० लक्ष युरो, अशी शिक्षा झालेली होती, आणि ती रक्कम त्याला संघाकडून मिळावयाच्या पैशातून कापून घेण्यास आयोगाने आरंभ केला होता.

२०२८ ते २०३४ ह्या काळासाठी स्थलांतर, सरहद्द व अंतर्गत सुरक्षा ह्यांची तरतूद तिप्पट करून ८,१०० कोटी युरोंवर न्यावी, असा प्रस्ताव आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला. सात वर्षांच्या अंदाजपत्रकाला सत्तावीसही राष्ट्रांची एकमुखी संमती लागते. त्यांत लांपेदुसाच्या मालकाचे, म्हणजे इटलीचे, जसे एक मत असते, तसेच हंगेरीचेही एक असते.