फासा हातात, पैसा पेटीत

कुणी भाकरी थापता थापता ऐकत असाल, कुणी निवडण-टिपण करता करता. आज आम्ही कर्जाबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय मोबाईलवरच्या लुडोबद्दल. हसू नका, बोलता बोलता आपण हप्त्यावरच येणार आहोत.

हा खेळ आपल्याला परका नाही. आपल्या आज्या कापडी पट पसरून कवड्यांनी पचिसी खेळायच्या. पंचवीसच्या दानावरून ते नाव पडलं. फत्तेपूर सिक्रीला राजवाड्याच्या अंगणात फरशीवरच पचिसीचा मोठा पट आखलेला आहे. आणि जागरणात आपण काय ऐकतो? खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला, डाव हरला आणि बारा वर्षं चंदनपुरीत बाणाईच्या घरी मेंढरं राखत राहिला. म्हणजे पण लावून खेळलं की देवालाही घर सोडावं लागतं!

पुढे हा पट इंग्लंडला गेला. तिथे त्याचं पेटंट घेतलं गेलं. कवड्या गेल्या, डबीत हलवून टाकायचा फासा आला. नाव पडलं लुडो. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘मी खेळतो’. आपण म्हणू, ‘मी खेळते’. आता तोच पट हातातल्या मोबाईलमध्ये बसलाय. 2016 साली नवी मुंबईच्या एका कंपनीने त्याचं ॲप आणलं आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ते घरोघरी पोचलं.

मोबाईलवर खेळणं वाईट, असं आम्ही म्हणत नाही. बाईमाणसाने चार घटका हसून खेळावं, यात लाजण्यासारखं काय आहे? आमच्या काही गटांत बैठक संपली, पैसे मोजून झाले, सह्या-अंगठे झाले, की एकच मोबाईल मधे ठेवून चौघीजणी बसतात. इंटरनेट बंद. आपली पाळी झाली की मोबाईल पुढच्या बाईकडे सरकवायचा. सुनेच्या मोबाईलला हात लावायला घाबरणाऱ्या एक मावशी या खेळातूनच बोटाने पडदा सरकवायला शिकल्या. आज त्या खात्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज स्वतः उघडतात. कुणाला वाचून दाखव म्हणावं लागत नाही.

पण याच लुडोचं दुसरं रूप आहे. पैसे लावून खेळायचं. आमच्या एका गटात एका ताईंचा हप्ता दोन महिने थकला. नेमाने भरणारी बाई. कुणी म्हणालं, सोनं केलं असेल. शेवटी त्यांनी डोळे पुसत सांगितलं, पोरगं मोबाईलवर पैशाचा लुडो खेळतंय. आधी दहा रुपये, मग पन्नास, मग शेळी विकून आलेले पैसे. गेलेलं परत आणायच्या नादात आणखी गेलं.

हे कसं होतं, त्याचा हिशोब आपल्या वहीतल्यासारखा मांडून बघू. समजा, चौघांनी प्रत्येकी 50 रुपये लावले. झाले 200. त्यातले 20 खेळ चालवणाऱ्याने काढून घेतले, जिंकणाऱ्याला मिळाले 180. असे 20 डाव झाले आणि चौघं सारखेच हुशार, प्रत्येकाने 5 डाव जिंकले. प्रत्येकाने घातले 1000, हाती आले 900. म्हणजे कुणीही वाईट खेळलं नाही, तरी चौघांचे मिळून 400 गेले. आपल्या गटात व्याज आपल्याच पेटीत परत येतं. इथे पेटी दुसऱ्याची.

आणि ‘मघापासून सहा पडला नाही, आता पडणारच’ हा विचार तर फारच फसवा. फाशाला मागचं काही आठवत नाही. दर वेळी सहा पडण्याची शक्यता सहात एकच. आधी दहादा हुकला म्हणून अकराव्यांदा तो दया करत नाही.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांची जाहिरात करण्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने 2025 साली केला. त्यात चालवणाऱ्याला शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून घरात असं घडलं असेल तर पोलिसांच्या भीतीने लपवू नका. फसवणूक करून खात्यातून पैसे काढले असतील, तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

त्या ताईंच्या गटाने काय केलं, तेही सांगतो. त्यांना कुणी बोल लावला नाही. थकलेला हप्ता चार भागांत भरायची सवलत दिली आणि तसा ठराव वहीत लिहिला. ताईंनी आपला यूपीआय पिन बदलला, तो आता पोरालाही ठाऊक नाही. पोराची सवय लगेच सुटली असं नाही. अजून अधूनमधून घरात वाद होतात. पण ताई आता एकट्या नाहीत, बैठकीला मान वर करून येतात.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत हे तीन नियम बोलून घ्या. खेळायचं ते इंटरनेट बंद करून. खेळायचं ते समोरासमोर बसून. आणि डावावर लावायचा तो फार तर चहा, पैसा नाही. कुणाचा हप्ता अचानक थकला, तर आधी दंड लावू नका. आधी जवळ बसून विचारा, ‘काय झालं गं?’

सोंगटी मेली तर पुन्हा सहा पडल्यावर बाहेर येते. विकलेली शेळी तशी येत नाही.