काकडीची रोपं आणि आपली गच्ची

(गच्चीबाग गटाच्या जानेवारीतील सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला काकडीवर बोलायला सांगितलं आहे; पण विषय तेवढाच नाही, हे आपण सगळे जाणतो. गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर लावलेल्या रोपांपैकी निम्म्याहून जास्त रोपांनी पंधरा दिवसांत माना टाकल्या. कुंड्यांखाली पाणी साचलं ते वेगळंच. बाग बंद करावी असा वरच्या मजल्यावरच्या सभासदांनी अर्ज दिला आहे, आणि त्यांची तक्रार रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण रोपं गेली ती बहुतेक पाण्यानेच, आणि स्लॅबला ओल आली तीही त्याच पाण्याने. म्हणजे उपाय एकच आहे.

आधी रोप निवडण्याबद्दल. रोपवाटिकेत आपला हात साहजिकच उंच, फुलावर आलेल्या रोपाकडे जातो. नेमकं तेच आणू नये. वांगी, टोमॅटो, मिरचीचं रोप उपटून लावलं तरी चार दिवसांत सावरतं. काकडीचं तसं नाही, तिच्या मुळांना धक्का सोसत नाही. म्हणून ट्रेमधलं, दोन-तीन खऱ्या पानांचं कोवळं रोप घ्यावं. खरी पानं म्हणजे पहिल्या दोन गुळगुळीत बीजदलांनंतर येणारी खरखरीत पानं. रोप अलगद वर काढून मुळं बघा. पांढरी हवीत. तपकिरी, गोल गुंडाळलेली असली तर सरळ परत ठेवा. कर्ज देताना अर्जदाराची गाडी बघू नका, ताळेबंद बघा, असं आमचे वरिष्ठ सांगत. रोपाचा ताळेबंद मातीखाली असतो!

पुण्यात जानेवारीच्या रात्री गार असतात, काकडीला ते मानवत नाही. फेब्रुवारीत थंडी ओसरली की लावा. रोपवाटिकेत ती हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, त्यामुळे आणल्यावर चार-पाच दिवस आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन दाखवायचं. लावायचं संध्याकाळी. रोप खोडाला धरू नका, पानाला किंवा मातीच्या गड्ड्याला धरा. गड्डा फोडू नका, आणि ट्रेमध्ये होतं त्याहून खोल पुरू नका, नाहीतर खोड कुजतं. साधारण वीस लिटरची एक पिशवी, तिच्यात एकच रोप. दोन लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, विशेषतः आमच्या घरी.

आता पाणी. घरात चार माणसं असली की चौघंही येता-जाता मग ओततात! एकानेच घालावं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच सकाळी बुंध्याशी पाणी. पानं भिजवू नयेत, त्याने केवड्याला आमंत्रण मिळतं. पिशवीला खाली भोकं हवीतच आणि ती विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवलेली हवी, म्हणजे खालची फरशी वाळते, दिसते आणि झाडता येते. पुढे वेल मोठा झाल्यावर मात्र पाण्यात खंड पडू देऊ नका. कडक उन्हात ताण बसला की काकडी कडू होते.

माझी कमिटीला विनंती आहे की बाग बंद न करता हा एक उन्हाळा द्यावा. पिशव्या स्टँडवरच, पाणी जाण्याच्या जाळीपासून लांब, आणि दर पंधरवड्याला वरच्या मजल्यावरच्या एका सभासदाने येऊन पाहणी करावी. ज्याच्या पिशवीखाली पाणी साचलेलं दिसेल त्याने ती उचलावी. यात माझीही आली.

लाल भुंगेरे कोवळ्या पानांची चाळण करतात. भल्या सकाळी ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पहिली फुलं बहुधा नर असतात. ती गळाली म्हणून घाबरू नका. मादी फुलामागे इवलीशी काकडी दिसते. तिथे मधमाशी फिरकली पाहिजे, त्यामुळे फुलोऱ्यात फवारणी नको. काकडी कोवळी असतानाच तोडा. एखादी वेलावर पिकू दिली की पुढची फळं कमी होतात.

बियाण्याचं विचाराल तर पुणा खिरा, किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाची हिमांगी. रोपं आणायला आम्ही दोघं-तिघं उरुळी कांचनच्या बाजूला जाणार आहोत. ज्यांना हवीत त्यांनी शनिवारपर्यंत वॉचमनकडच्या वहीत नाव आणि संख्या लिहावी. स्टँड आधी, रोप नंतर.