विद्यार्थ्याचें दुसरें घर : कोल्हापूरचीं वसतिगृहें

शिक्षणाचा विचार करतांना शाळेची इमारत, शिक्षक आणि पुस्तकें यांचाच हिशेब बहुधा मांडला जातो. विद्यार्थी रात्रीं कोठें निजतो आणि त्याच्या दोन वेळच्या अन्नाची सोय कोण करतो, हे प्रश्न मागें राहतात. वस्तुतः खेड्यांतील गरीब मुलाचें शिक्षण अडतें तें नेमकें याच दोन ठिकाणीं. कोल्हापूर संस्थानांत ही अडचण विसाव्या शतकाच्या आरंभींच ओळखली गेली.

१८९४ सालीं शाहू महाराजांनीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां कोल्हापुरांत राजाराम कॉलेज होतें. परंतु खेड्यांतून येणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास शहरांत बिऱ्हाड मिळणें दुरापास्त होतें. सर्वांसाठीं एकच वसतिगृह काढण्याचा यत्न आधीं झाला. तेथें ब्राह्मण विद्यार्थ्यांखेरीज इतरांचा निभाव लागेना. निरनिराळ्या जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत नसत आणि पालकहि तशा ठिकाणीं मुलांस धाडण्यास तयार नसत. तेव्हां ज्या त्या समाजासाठीं निराळें वसतिगृह काढण्याचा मार्ग पत्करावा लागला. १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग व दिगंबर जैन बोर्डिंग, १९०६ सालीं मुस्लिम बोर्डिंग, १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग अशीं एकामागून एक वसतिगृहें निघालीं. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी इत्यादि समाजांचींहि निघालीं.

या संस्थांची आर्थिक घडी लक्षांत घेण्याजोगी आहे. दरबारनें जागा, इमारत किंवा सालीना मदत द्यावी आणि उरलेला भार त्या त्या समाजानें वर्गणी काढून उचलावा, असा सामान्यतः क्रम होता. वर्गणी एखाद्या वर्षीं आटते. जागा आणि इमारत मात्र टिकून राहते. दसरा चौकाच्या परिसरांत जैन व मुस्लिम बोर्डिंगांच्या वास्तु आजहि उभ्या आहेत.

जातवार वसतिगृहांनीं जातिभेद पक्का होणार नाहीं काय, असा आक्षेप घेतां येतो आणि तो क्षुल्लक नाहीं. मात्र एकत्र वसतिगृहाची वाट पाहत राहिलें असतें, तर एक पिढी निरक्षर राहिली असती, हीहि गोष्ट तितकीच खरी. शिवाय महाराज तेथेंच थांबले नाहींत. १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. मुलांस शाळेंत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठरला. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांस सर्वांच्याच शाळांत घेण्याचा हुकूम निघाला.

याच सुमारास आणखी एक अडसर निघाला. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या लोकांस चावडीवर हजेरी द्यावी लागे. ज्याला गांवच सोडतां येत नाहीं, त्याला परगांवचें वसतिगृह काय कामाचें? ती हजेरी १९१८ सालीं बंद झाली. फासेपारध्यांसहि महाराजांनीं काम व निवारा देऊन स्थिर केलें.

कुंभोजला जन्मलेल्या आणि कोल्हापुरांत शिकलेल्या भाऊराव पाटलांनीं या कार्यास निराळें वळण दिलें. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकच वसतिगृह काढलें. त्याला त्यांनीं शाहू महाराजांचेंच नांव दिलें. खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीं प्रसंगीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचें मंगळसूत्रहि विकावें लागलें. श्रम करून शिकण्याची जी रीत तेथें रुजली, ती पुढें १९६२ सालीं स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानेंहि ‘कमवा व शिका’ या नांवानें चालविली.

हाच प्रश्न दूरदेशींहि उभा राहिला. अमेरिकेंतील नॅव्हाहो या आदिवासी जमातीनें १९६८ सालीं स्वतःचें कॉलेज काढलें. अशा कॉलेजांस मध्यवर्ती सरकारनें मदत द्यावी यासाठीं तेथें १९७८ सालीं कायदा झाला. कॉलेज जमातीच्या हातीं असलें, तरी पैशाची शाश्वति हवीच.

महाराष्ट्रांत आदिवासी विकास विभागाचीं वसतिगृहें आहेत. तेथें जागा न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांस राहण्याजेवणासाठीं थेट खात्यांत रक्कम देण्याची योजनाहि आहे. पण सत्र जूनमध्यें सुरू व्हावें आणि पैसे उन्हाळ्यांत पोंचावे, तर ती मदत कागदावर पूर्ण आणि ताटांत अपुरी ठरते. तोंपर्यंत मुलगा घरीं परतलेला असतो आणि पटावर त्याचें नांव तेवढें उरतें. म्हणून अशा कोणत्याहि कॉलेजचें मोल ठरवितांना किती मुलांनीं नांवें घातलीं, याच्या जोडीला किती मुलें वर्षअखेरपर्यंत टिकलीं आणि जीं गेलीं तीं कां गेलीं, हेंहि विचारलें पाहिजे.