बेत आइसलंडचा



वैशाखाच्या उकाड्यात, हातातल्या कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत बसलेल्या मंडळींपुढे आम्ही बर्फाच्या देशाविषयी बोलणार, याची कोणाला मौज वाटेल. परंतु हा विषय आजच काढण्यास व्यावहारिक कारण आहे. ज्याला येत्या माघात आइसलंडला जायचे असेल, त्याने बेत वैशाखातच धरलेला बरा. पैशांची जुळवाजुळव, कागदपत्रे, कपडे आणि मनाची तयारी, या चारही गोष्टींना वेळ लागतो. आणि त्यांत सर्वांत अधिक वेळ चौथीला लागतो.

अलीकडे आपल्या गावांतूनही मंडळी तिकडे जाऊ लागली आहेत. कोणी निवृत्तीच्या रकमेतून जातात, कोणाचा मुलगा युरोपात नोकरीला असतो म्हणून जातात. ओढ बहुधा एकच असते : रात्रीच्या आकाशात हलणारा तो हिरवा प्रकाश पाहण्याची. हा खर्च बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच व्हायचा. म्हणूनच बेत करताना यादी फुगत जाते. पैसे भरलेच आहेत, तर काही सुटता कामा नये, असे प्रत्येकाला वाटते. आम्ही आज एवढेच सांगणार आहोत की, आइसलंडच्या हिवाळ्यात ही वृत्तीच सर्वांत धोक्याची आहे. तिथे चांगला बेत तोच, ज्यात मागे फिरायला जागा राखून ठेवलेली असते. असे का, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम देशाची ओळख. उत्तर अटलांटिक महासागरात, उत्तर ध्रुववृत्ताला जवळजवळ डोके टेकून हे बेट पडले आहे. विस्तार सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा एक तृतीयांश. लोकवस्ती मात्र चार लाखांच्या आत, आणि तीतलीही बहुतेक राजधानी रेकयाविक आणि तिच्या आसपास एकवटलेली. महासागराच्या तळाशी जी पर्वतांची रांग आहे, ती या बेटावर पाण्याबाहेर आलेली दिसते. या रांगेच्या दोन बाजूंचे भूखंड वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकत आहेत, आणि त्या फटीतून पृथ्वीच्या पोटातला शिलारस वर येतो.

आपल्याला हा दगड परका नाही. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच जातीच्या पाषाणाचा हा देश आहे. विक गावाजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर दगडी खांबांची जी भिंत उभी दिसते, तिची धाकटी बहीण मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट टेकडीच्या रूपाने उभी आहे. वयाने मात्र आपलीच थोरली. दख्खनचा शिलारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि निवाला. आइसलंडचा अजून वाहतो आहे. आणखी एक नाते तर आपल्या न्हाणीघरातच आहे. पाणी तापवण्याच्या यंत्राला आपण गिझर म्हणतो. तो शब्द आला गेइसिर या आइसलंडमधल्या उष्णोदकाच्या कारंज्याच्या नावावरून. मूळचे गेइसिर आता क्वचितच उसळते. पण त्याच्या शेजारचे स्ट्रोक्कुर दर काही मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंच उसळी घेते. तिथल्या दहांपैकी नऊ घरांना ऊब मिळते ती याच भूगर्भातल्या उष्णतेने. नळाच्या गरम पाण्याला गंधकाचा वास येतो तो त्यामुळेच. त्याने दचकू नये. थंड पाण्याचा नळ निराळा असतो आणि ते पाणी खुशाल प्यावे.

आता बेताकडे वळू. पहिली गोष्ट उजेडाची. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपण म्हणतो. तिथे दिवस पाहून पाय पसरावे लागतात. डिसेंबरच्या २१ तारखेच्या सुमारास रेकयाविकमध्ये सूर्य साडेअकराच्या थोडा आधी उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. भर मध्यान्हीही तो क्षितिजापासून जेमतेम अडीच अंश वर येतो. अशा दिवशी यादीत पाच ठिकाणे लिहिली, तर त्यांतली तीन अंधारात पाहावी लागतील. फेब्रुवारीच्या मध्यास दिवस साडेआठ तासांचा होतो आणि मार्चच्या अखेरीस बारा तासांच्या पुढे जातो. आकाशातला प्रकाश पाहायचा तर रात्र काळोखी हवी, आणि धबधबे व हिमनद्या पाहायच्या तर दिवस हवा. दोन्ही साधायचे असेल, तर आमच्या मते फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ उत्तम.

त्या प्रकाशाविषयीही स्पष्ट बोललेले बरे. सूर्याकडून येणारे विद्युत्भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने ध्रुवांकडे वळतात आणि सुमारे शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर हवेच्या कणांवर आदळतात. प्राणवायूमुळे जो रंग उमटतो तो हिरवा. म्हणजे सूर्याची मर्जी हवी, रात्र काळोखी हवी आणि आकाश निरभ्र हवे. या तिहींपैकी पैशाने एकही विकत मिळत नाही. एका रात्रीसाठी गेलेला माणूस बहुधा ढग पाहून येतो. पाच-सहा रात्री राहणाऱ्याला आशा अधिक. तेव्हा गावे कमी करावीत आणि रात्री वाढवाव्यात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपण थंडीला भितो. पण समुद्रातल्या उष्ण प्रवाहामुळे रेकयाविकचे हिवाळ्यातले सरासरी तपमान शून्य अंशाच्या आसपासच असते. दिल्लीकराला ते फारसे भीतिदायक वाटणार नाही. खरा शत्रू वारा आहे. तिथे वाऱ्याचा वेग सेकंदाला इतके मीटर असा सांगतात. त्या आकड्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. वीस हा आकडा ऐकायला साधा. पण तो ताशी ७२ किलोमीटर होतो. मोटारीचे दार असावधपणे उघडले, तर असा वारा ते उलटे फिरवून बिजागरीतून मोडतो, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही. रस्त्यावर बर्फाचा काचेसारखा थर असतो तो वेगळाच. ज्यांनी बर्फावर कधी गाडी हाकली नाही, त्यांनी तिथे प्रथम हाकू नये. तिथल्या माहीतगार चालकाच्या बसने जावे.

हवामान खाते पिवळा, नारिंगी आणि तांबडा असे तीन रंगांचे इशारे देते. रस्ते खाते कोणता रस्ता उघडा आणि कोणता बंद हे वेळोवेळी जाहीर करते. रोज सकाळी चहाच्या आधी ही दोन्ही पाने पाहावीत आणि मगच दिवसाचा बेत कायम करावा. देशाच्या मध्यभागातले डोंगरी रस्ते हिवाळ्यात बंदच असतात. देशाला वेढणारा मुख्य रस्ता सुमारे १,३२० किलोमीटरांचा. तो १९७४ साली पुरा झाला. १९९६ साली वात्नायोकुल या अवाढव्य हिमनदीखाली ज्वालामुखी जागा झाला, वितळलेल्या बर्फाचा लोंढा आला आणि याच रस्त्यावरचे पूल वाहून गेले. आठ दिवसांत या सबंध रस्त्याची प्रदक्षिणा हिवाळ्यात करू नये. ती उन्हाळ्यासाठी ठेवावी.

तिसरी गोष्ट अग्नीची, आणि इथे आपल्याला त्या लोकांकडून शिकण्यासारखे आहे. १७८३ साली लाकी येथे जमीन फाटली आणि आठ महिने शिलारस वाहत राहिला. विषारी वायूने गवत गेले, गवतामागून गुरे गेली आणि दुष्काळात देशातला सुमारे पाचवा हिस्सा माणसे मेली. त्यांना जायला जागा नव्हती. आता १९७३ पाहा. २३ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर हेइमाये या बेटावर गावाच्या काठालाच जमीन उकलली. आदल्या दिवशी वादळ होते, म्हणून मासेमारीच्या होड्या समुद्रावर न जाता बंदरातच उभ्या होत्या. त्या होड्यांतून सुमारे पाच हजार तीनशे माणसे रातोरात निघून गेली. ज्या वादळाला आदल्या संध्याकाळी कोळ्यांनी शिव्या दिल्या असतील, त्यानेच गाव वाचवले. पुढे त्या लोकांनी समुद्राचे पाणी शिलारसावर मारून तो थिजवला आणि बंदर राखले.

अगदी अलीकडची गोष्ट ग्रिंदाविकची. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री भूकंपांच्या मालिकेनंतर चार हजारांच्या आत वस्तीचे हे गाव सबंध रिकामे करण्यात आले. १४ जानेवारी २०२४ रोजी शिलारस गावात शिरला आणि त्याने तीन घरे गिळली. त्या वेळी घरांत माणूस नव्हता. जवळच निळसर पाण्याचे जे प्रसिद्ध स्नानस्थान आहे, ते तेव्हापासून कितीदा तरी बंद झाले आणि पुन्हा उघडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर त्याचा मोटारतळ शिलारसाखाली गेला. तात्पर्य, जे लोक तिथे जन्मले ते घर सोडून निघतात. आपण तर पाहुणे. एखादे ठिकाण बंद आहे असे कळले, तर हुज्जत न घालता दुसरीकडे वळावे. शहरोशहरी उघड्यावरचे गरम पाण्याचे तलाव आहेतच. तिथे मात्र उतरण्यापूर्वी वस्त्रे उतरवून साबणाने स्वच्छ स्नान करावे लागते. हे त्यांचे सोवळे आहे आणि ते कडक पाळतात.

आता आठ दिवसांचा एक आराखडा आम्ही आपल्यापुढे ठेवतो. पहिले दोन दिवस रेकयाविक. प्रवासाचा शीण जाईल आणि बर्फावर चालण्याची सवय होईल. तिसरा दिवस थिंगवेत्लिर, स्ट्रोक्कुर आणि गुल्लफोस यांचा. थिंगवेत्लिरला इसवी सन ९३० पासून त्या लोकांची लोकसभा उघड्यावर भरत असे, आणि १९४४ साली प्रजासत्ताकाची घोषणाही तिथेच झाली. गुल्लफोसचा प्रपात दोन टप्प्यांत ३२ मीटर खाली उतरतो. चौथा आणि पाचवा दिवस दक्षिण किनाऱ्यावर विकच्या आसपास. सहावा दिवस योकुलसारलोन या हिमखंडांच्या सरोवराचा आणि तिथल्या निळ्या बर्फाच्या गुहांचा. त्या गुहा हिवाळ्यातच पाहण्याच्या. पण वाटाड्याशिवाय आत पाऊल टाकू नये. सातव्या दिवशी परत रेकयाविकला यावे. आठवा दिवस कोरा ठेवावा. यादीत त्याच्यापुढे काही लिहू नये. वादळाने एक दिवस खाल्ला तर तो यातून भरून निघेल, आणि विमान चुकणार नाही. वादळ आलेच नाही, तर संग्रहालये पाहावीत आणि शहरात पायी हिंडावे.

रेनिसफ्याराविषयी दोन शब्द बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. तिथला समुद्र आपल्या कोकणच्या समुद्रासारखा भरती-ओहोटीने सांगून येत नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अकस्मात एक लाट किनाऱ्यावर खोलवर शिरते आणि माणसाला ओढून नेते. आजवर अनेक प्रवासी तिथे प्राणांस मुकले आहेत. इशाऱ्याचे दिवे आणि फलक लावलेले आहेत. तांबडा दिवा असेल तर वाळूवर उतरू नये, आणि पाण्याकडे पाठ करून छायाचित्र तर मुळीच काढू नये.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शेंगेन देशांचा प्रवेशपरवाना लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांच्या आत आणि किमान पंधरा दिवस आधी करायचा. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो काढतानाच प्रवास खोळंबल्याची भरपाईही त्यात आहे का ते पाहावे. आणि मुक्काम ठरवताना, पैसे परत मिळण्याची सोय असलेली खोली थोडी महाग पडली तरी तीच घ्यावी. मागे फिरण्याची किंमत आधीच चुकती केलेली असली, की मागे फिरताना जीव तुटत नाही.

कपड्यांत अंगालगत सुती नको, लोकर हवी. सुती ओले झाले की गारठवते. वरचा थर वारा व पाणी अडवणारा असावा, आणि बुटांना अडकवायचे काटे तिथे मिळतात ते पहिल्याच दिवशी घ्यावेत. जेवण महाग आहे. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघर असलेला मुक्काम पाहावा आणि काय नेता येते याचे नियम वाचून भाजणी, मेतकूट सोबत बांधावे.

शेवटी एकच सांगणे. तिथे कोणी वाट चुकला, गाडी बर्फात रुतली, तर ११२ या क्रमांकावर हाक देतात, आणि मदतीला धावतात ते बहुतांशी बिनपगारी स्वयंसेवक. कोणी शिक्षक असतो, कोणी सुतार, कोणी दुकानदार. मध्यरात्री ऊबदार अंथरुणातून उठून तो वादळात निघतो. बंद रस्त्यावरची साखळी ओलांडून जो पुढे जातो, तो केवळ स्वतःचा जीव पणाला लावत नाही. अशा एका अनोळखी माणसाचाही लावतो. तेव्हा एखादा धबधबा राहिला, प्रकाश दिसला नाही, तरी प्रवास फुकट गेला असे घरी आल्यावर कोणी म्हणू नये आणि ऐकणाऱ्यांनीही म्हणू देऊ नये. आपले पाहुणे सुखरूप परतले, तर बेत तडीस गेला असेच समजावे.