रांगोळीची रेघ वाकडी का दिसली?

मी इंदूरहून बोलतेय.

स्तनाच्या कर्करोगाचं माझं ऑपरेशन झालं आणि पुढे टॅमॉक्सिफेन सुरू झालं. रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, किमान पाच वर्षं. काही गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतात. ही गोळी स्तनाच्या पेशीत इस्ट्रोजेनची जागा अडवून बसते, त्यामुळे रोग परतण्याचा धोका कमी होतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढत होते. सरळ ओढलेली रेघ मधेच वाकडी दिसायला लागली. मुलगी म्हणाली, "आई, रेघ सरळच आहे गं." एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्या डोळ्याला रेघ जास्तच वाकडी दिसत होती. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं म्हणून मी चार महिने घालवले.

मग मोबाइलवर वाचलं, की या गोळीचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो. घाबरले आणि कुणालाही न सांगता गोळी बंद केली. अकरा दिवस.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घालून पडदा तपासला, ओसीटी स्कॅन केला. पडद्याच्या मध्यभागी सूज होती, बारीक चमकदार कणही होते. अशा रुग्णांची नोंद 1978 मध्येच झाली होती. पण ते आजच्या कितीतरी पट डोस घेत होते. आजच्या डोसने असं क्वचितच होतं. माझं झालं.

गोळी बंद केल्याचं ऐकून त्यांनी आधी माझ्या कर्करोगाच्या डॉक्टरांना फोन लावला. उपचारांच्या काळात माझी पाळी कायमची थांबली होती, म्हणून मला लेट्रोझोल देता आलं. काही महिन्यांत सूज उतरली. कण मात्र तसेच आहेत.

माझ्या चुका दोन. चार महिने गप्प बसले, ही एक. दुसरी त्याहून मोठी: डोळे वाचवायला निघाले आणि जीव टांगणीला लावला.

म्हणून मैत्रिणींनो, गोळी सुरू होताना एकदा डोळे तपासून घ्या. तिथे गोळीचं नाव आवर्जून सांगा. अधूनमधून एकेक डोळा झाकून दाराची चौकट बघा. रेघ वाकली, अक्षरं पुसट झाली, तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि गोळी? ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

या दिवाळीत रांगोळी मीच काढली. रेघ सरळ आली.