हिवाळा, घाट आणि मोटारीचे ब्रेक

खानदेशांत हिवाळ्याची भीति सहसा कोणी बाळगीत नाहीं. जळगांवचा मे महिना ज्यानें एकदां सोसला, त्याला मार्गशीर्ष-पौषाची थंडी शिक्षा न वाटतां बक्षीसच वाटते. मळ्यांत भरिताचे बेत होतात, तुळशीचें लग्न उरकलें कीं माणसांच्या लग्नांना सुरुवात होते, आणि वर्षभर शहरांत फिरणारी घरची मोटार सहकुटुंब प्रवासाला निघते. कोणी सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहावयास जातो, कोणी पाटणादेवीला, कोणी अजिंठ्याला. पाणी, फराळ, शाली यांची आठवण घरांतील प्रत्येकाला असते. ब्रेकची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. बर्फाच्या देशांत हिवाळ्यापूर्वीं मोटार तपासून घेण्याचा परिपाठ आहे. येथें बर्फ पडत नाहीं, मग ही उठाठेव कशाला, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर खानदेशच्या भूगोलांत आहे.

हा प्रदेश म्हणजे तापीचें विस्तीर्ण खोरें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, पश्चिमेस सह्याद्रीचे फांटे. या परातीसारख्या भूमींतून बाहेर पडावयाचें तर बहुतेक दिशांना कांठ ओलांडावा लागतो, आणि घरीं परतावयाचें म्हणजे घाट उतरावा लागतो. खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचें नांव मिळालेला कन्नड-चाळीसगांवचा घाट, अजिंठ्याहून फर्दापुराकडे येणारा उतार, मालेगांवकडून धुळ्यास येतांना लागणारा लळिंगचा घाट, सुरतेच्या वाटेवरील कोंडाईबारी आणि इंदूरकडून शिरपुरास येतांनाचा बिजासनचा घाट, हीं नांवें येथील प्रवाशाच्या तोंडीं आहेत. हिवाळ्यांत दिवस लहान. सकाळीं हौसेनें चढलेला घाट बहुधा अंधार पडल्यावर, मुलें झोंपीं गेलेलीं असतां आणि चालक थकलेला असतां उतरावा लागतो.

ब्रेक मोटारीची गति नाहींशी करतो असें आपण म्हणतों. खरें पाहतां तो गतीची उष्णता बनवितो. माणसांसह १२०० किलोग्रॅम वजनाची मोटार २०० मीटर उंचीचा उतार उतरली, तर तेवढ्या उतरण्यानें मोकळी होणारी ऊर्जा सुमारें सात लिटर गार पाण्यास उकळी आणण्याइतकी असते. या उष्णतेचा वांटा इंजिनानें आणि वाऱ्यानें उचलला नाहीं, तर ती सारी चाकांतील लोखंडी डिस्कना, ड्रमना आणि त्यांवर घासणाऱ्या पॅडना सोसावी लागते. अति तापलेल्या पॅडची पकड ढिली होते. चालक अधिक जोरानें पाय दाबतो, त्यामुळें ताप आणखी वाढतो.

याहून फसवा धोका ब्रेक ऑइलचा. पायाचा दाब चाकांपर्यंत हाच द्रव पोंचवितो. त्याला ऑइल म्हणत असले, तरी नेहमीच्या मोटारींत तें तेल नसतें, आणि हवेंतील ओलावा शोषून घेणें हा त्याचा स्वभावच आहे. ताजें ‘डॉट ३’ जातीचें ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळूं नये, असा दंडक आहे; परंतु शेंकडा साडेतीन-चार भाग पाणी मुरलें कीं हीच मर्यादा १४० अंशांवर येते. ‘डॉट ४’ साठीं हे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. सपाट रस्त्यावर ही उणीव कळत नाहीं. घाटांत मात्र तापलेल्या चाकाजवळचा द्रव उकळून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबानें आकसत नाहीं, वाफ आकसते. परिणाम असा कीं, पाय थेट खालीं जातो आणि मोटार पुढें धांवतच राहते.

पावसाळ्याचा ओलावा नुकताच ओसरलेला असतो, म्हणून दसरा-दिवाळीचा सुमार या तपासणीस योग्य. दसऱ्याला मोटारीस झेंडूची माळ घालावी. मग तिला गॅरेजमध्यें न्यावें. ब्रेक ऑइल सामान्यतः दोन वर्षांनीं पूर्ण बदलावें. वरून भर घालून जुनें पाणी निघून जात नाहीं. पॅडची जाडी तीन मिलिमीटरवर आली असेल, तर ते बदलण्याची वेळ झाली असें समजावें. मागील ड्रममधील लायनर उघडून पाहावेत, रबरी नळ्यांना भेगा आहेत काय हें पाहावें, आणि ब्रेक दाबतांना मोटार एका बाजूस ओढते काय, हें मोकळ्या रस्त्यावर सावकाश चालवून अजमावावें.

कांहीं दक्षता प्रवासाच्या सकाळींच घ्यावयाची असते. दंव पडलेल्या रात्रीं उघड्यावर राहिलेल्या मोटारीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. पहिल्या दोन-चार वेळां खरखर होऊन तो निघून जातो, म्हणून हमरस्त्यावर येण्यापूर्वींच ब्रेक हळू दाबून पाहावा. टायरमधील हवाहि थंडीनें आकसते. ऑक्टोबरच्या दुपारीं, ३५ अंशांच्या उन्हांत भरलेली ३२ पौंड हवा दहा अंशांच्या पहांटे तीन-चार पौंडांनीं कमी भरते.

घाट उतरण्याचा जुना नियम आजहि खरा आहे : ज्या गिअरमध्यें घाट चढतां आला असता, त्याच गिअरमध्यें तो उतरावा. मग गति आंवरण्याचें पुष्कळसें काम इंजिन करतें आणि ब्रेकला विसावा मिळतो. इंधन वांचावें म्हणून उतारावर मोटार न्यूट्रलमध्यें सोडणारे शहाणे पुष्कळ आहेत. त्यांचा हिशेबच चुकीचा आहे. आधुनिक मोटार गिअरमध्यें उतरत असतांना आणि वेग वाढविण्याचें पेडल सोडलेलें असतांना इंजिनास इंधन जवळजवळ मिळतच नाहीं; न्यूट्रलमध्यें मात्र तें चालू ठेवण्यासाठीं खर्च होतें. आणि जो इंजिनच बंद करतो, त्याच्या पायाला मिळणारी यंत्राची मदत दोन-तीन दाबांतच संपते.

४ जुलै २०२३ रोजीं मुंबई-आग्रा रस्त्यावर, शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें एक मालवाहू कंटेनर वाहनांना धडकून रस्त्याकांठच्या हॉटेलांत घुसला. किमान दहा माणसें प्राणास मुकलीं. ब्रेक निकामी झाल्याचें पोलिसांनीं त्या वेळीं सांगितलें. अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांची रचना निराळी. परंतु एका वाहनाचे ब्रेक गेले म्हणजे त्याची किंमत त्यांत न बसलेल्या माणसांनाहि द्यावी लागते, हें त्या दिवसानें दाखविलें. २०१९ पासून भारतांत नव्या मोटारींना चाकें जाम होऊं न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. ती उपकारक खरी. पण उकळलेल्या द्रवावर आणि झिजलेल्या पॅडवर तिच्यापाशीं औषध नाहीं.

ब्रेक चांगले असले, तरी त्यांना अंतर लागतें. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारें १७ मीटर जाते. संकट ओळखण्यांत एक सेकंद गेला, तर कोरड्या रस्त्यावरहि ती थांबेपर्यंत ४० मीटर जाते. ताशीं ४० च्या वेगानें २१-२२ मीटर पुरतात. पौषाच्या पहांटे धुकें दाटलें असेल, पुढें मागचा दिवा नसलेली कापसाची गाडी किंवा उसाची ट्रॉली असेल आणि नजर तीस मीटरच पोंचत असेल, तर कोणता वेग योग्य, हें शाळेंतील मूलहि सांगूं शकेल.

तें मूल बहुधा मागच्या आसनावर बसलेलें असतें. ब्रेक ऑइल केव्हां बदललें, हा प्रश्न निघण्यापूर्वीं त्यानें किंवा त्याच्या आईनें विचारला, तर चालकानें त्यांत आपला अपमान मानूं नये. उत्तर आठवत नसेल, तर अजिंठ्याचीं लेणीं शतकानुशतकें तेथेंच आहेत. तीं आणखी आठ दिवस वाट पाहतील.