हातचा गुण आणि पोटची भाकर

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांतील तरुण मंडळींपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यवस्थापकांनीं आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय ठरविण्याचें काम मात्र तरुणांवर सोंपविलें, हें फार चांगलें केलें. नाहीं तर आम्हीं संवयीप्रमाणें रविवारचेंच प्रवचन पुढें ओढलें असतें. तुम्हीं चिठ्ठ्यांवर जे प्रश्न लिहून दिलेत, त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच गोष्टीविषयीं आहेत. कोणी गायनवृंदांत पेटी वाजवितो, कोणी कविता करितो, कोणी लग्नांचीं छायाचित्रें काढितो. एक जण दुकानांच्या पाट्या रंगवीत असे, तो फ्लेक्सचें यंत्र आल्यापासून रिकामा बसला आहे. सर्वांचें म्हणणें हेंच कीं, हातांत गुण आहे, पण त्यावर पोट भरेल काय, आणि न भरल्यास त्या गुणाचें करावें काय? एका मुलीनें तर असें विचारिलें आहे कीं, ज्यांनीं जन्मभर हेंच काम केलें, ते आपल्याच विसाव्या वर्षाच्या रूपास आज भेटले, तर त्यास काय सांगतील?

प्रश्न आम्हांस आवडला. उत्तर देण्याचा अधिकार मात्र आमचा नाहीं, कारण आमच्या भाकरीची काळजी ख्रिस्तसभेनें वाहिली आहे. म्हणून चार माणसांच्या आयुष्यांकडे आम्ही बोट दाखवूं. त्यांच्या तोंडीं आमचे शब्द घालणार नाहीं. त्यांनीं काय केलें तें सांगूं, आणि त्यांतून आमच्या अल्प मतीस जें दिसतें तें आमचें म्हणून सांगूं.

पहिला मनुष्य आपल्या परभणीचाच. भगवान रघुनाथ कुळकर्णी, ज्यांना महाराष्ट्र बी. रघुनाथ म्हणून ओळखतो. त्यांच्या नांवाच्या सभागृहांत तुम्ही नाटकें पाहिलीं आहेत. पुस्तकें किती जणांनीं वाचलीं तें विचारून आजच्या आनंदाच्या दिवशीं कोणास खालीं मान घालावयास लावीत नाहीं. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजीं सातोना येथें झाला. तें गांव तेव्हां परभणी जिल्ह्यांत होतें, आतां जालना जिल्ह्यांत आहे. शिक्षण हैदराबादेस झालें. मॅट्रिकच्या पुढें शिकण्याची घरची ऐपत नव्हती, म्हणून निजाम सरकारच्या बांधकाम खात्यांत कारकुनी पत्करली, आणि पुढील आयुष्य बहुतेक ह्याच जिल्ह्यांत, त्या खात्याच्या कागदपत्रांत गेलें. संस्थानची राजभाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील उच्च शिक्षणहि उर्दूंतून. आणि मराठी ग्रंथांची मोठी पेठ दूर पुण्यामुंबईस. आपल्या गांवांत कांहीं घडत नाहीं, येथें राहून काय होणार, असें जे चिठ्ठींत लिहितात, त्यांनीं ही परिस्थिति डोळ्यांपुढें आणावी.

अशा ठिकाणीं बसून ह्या कारकुनानें १९४१ त ‘आलाप आणि विलाप’ हा कवितासंग्रह दिला, आणि त्यानंतरच्या थोड्या वर्षांत ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’ अशा कादंबऱ्या एकीमागून एक लिहिल्या, कथा त्यांशिवाय. पुढें निवांतपणा मिळेल, मग लिहूं, असें त्यांनीं म्हटलें असतें तर आज त्यांच्या नांवानें एक ओळहि नसती, कारण तो निवांतपणा आलाच नाहीं. कारकुनीनें त्यांचा दिवस खाल्ला हें खरें. परंतु सामान्य संसारी माणसाची ओढाताण त्यांस पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं, ती रोज शेजारच्या मेजावर बसलेली असे, आणि तीच त्यांच्या लिखाणांत उतरली. तेव्हां नोकरी ही गुणाची वैरीणच आहे असें समजून जो तरुण पहिल्याच वर्षीं राजीनामा लिहावयास बसतो, त्यास आम्ही म्हणूं कीं बाबा, थोडा थांब. भाकरीची सोय झालेला मनुष्य आपल्या कवितेस भाकर मागत नाहीं, आणि मग ती कविता कोणाची खुशामत करीत नाहीं.

पण ह्या गोष्टीची दुसरी बाजूहि आहे. ७ सप्टेंबर १९५३ रोजीं परभणींत बी. रघुनाथ वारले. वय पुरतें चाळीस वर्षें आणि वर कांहीं दिवस. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा त्यांचा संग्रह निघाला १९५५ सालीं, तो पाहावयास ते नव्हते. सभासमारंभांत वक्ते उठून म्हणतात कीं दुःखानें त्यांची प्रतिभा फुलविली. आम्हांस हें बोलणें मुळींच मान्य नाहीं. दारिद्र्य हें कलेचें खत आहे ही कल्पना पोटभर जेवलेल्यांनीं काढिली आहे. दारिद्र्यानें आपल्या जिल्ह्यांतील किती गळे मिटले, किती हात ऊसतोडीच्या कोयत्याला गेले, त्यांची नोंद कोठेंच नाहीं. एक वांचला, तेवढा आपणांस दिसतो. म्हणून दिवसा नोकरी आणि रात्रीं कला करणाऱ्यांस आमचें रोखठोक सांगणें आहे कीं, झोंप गहाण टाकूं नका. रोजचा एक तास ठरवा, तो घरांत सर्वांस सांगून ठेवा, आणि त्या तासांत बसाच, मग कांहीं सुचो अगर न सुचो. महिन्यांतून एकदां रात्रभर जागून पराक्रम करणाऱ्यापेक्षां रोज तासभर बसणारा दूर जातो. विणकर, सुतार, कुंभार ह्यांस हें कोणी शिकवावें लागत नाहीं. तें लेखकास आणि गवयासच कां शिकवावें लागतें तें देव जाणे.

ह्याच जिल्ह्यांतील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि, हें तुम्हांस ठाऊकच आहे. नामदेवांच्या घरीं दळणकांडण करणारी ती दासी. सुमारें सातशें वर्षें लोटलीं तरी गोदावरीकाठच्या बाया तिचे अभंग म्हणतात. जात्यावरची ओवी ही कामाच्या तालांतून जन्मलेली आहे. तिला वेगळी खोली लागत नाहीं. पण आजच्या बायांना सांगतांना आम्ही इतकेंच म्हणूं कीं, जनाबाईचें उदाहरण देऊन आपल्या सुनेला दळावयास बसवूं नका. पिठाची गिरणी झाली आहे. वांचलेला वेळ तिला द्या.

आतां ज्यांस आपण घरचेच म्हणूं शकतों असे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडांत जन्मलेले हे येशूसंघीय, वय तिसाच्या सुमारास, २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथें छापून झालें १६१६ सालीं. मध्यें किती वर्षें गेलीं तें बोटांवर मोजा: सदतीस. साष्टींतील खेड्यापाड्यांतून फिरतांना त्यांनीं लोकांची बोली कानानें उचलली, आणि ग्रंथासाठीं मराठींतील पुराणांची ओवी अशी आपलीशी केली कीं सुमारें ११,००० ओव्या तिच्यांत रचिल्या. लॅटिन उत्तम येणाऱ्या विद्वानानें परक्या भाषेच्या शाळेंत पुनः पहिलीपासून बसणें, ह्यास किती नम्रता लागत असेल? आमच्या तरुणांस दुसऱ्या महिन्यांत गीत ध्वनिमुद्रित करावयाचें असतें, आणि सुरावट कोठल्या तरी चित्रपटाची असते. गायनवृंदांतील मंडळींनीं हें मनाला लावून घेऊं नये; गिटार मात्र थोडी हळू वाजवावी.

फादर स्टीफन्स ह्यांच्या चरित्रांतील एक गोष्ट कारागिरांस फार उपयोगाची आहे. त्यांची इच्छा अशी कीं ह्या देशाचीं पुस्तकें ह्या देशाच्या अक्षरांत छापावीं. १६०८ सालीं त्यांनीं रोमला आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत हा विषय आहे. अडचण खिळ्यांची होती. युरोपांत चोवीस अक्षरांत भागतें; येथें प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी जोडून सहाशेंच्या घरांत सांचे पाडावे लागत. ते दोनशेंवर आणतां येतील असा हिशेबहि त्यांनीं मांडला. विचार करा, कवि खिळ्यांचा हिशेब करीत बसला होता! खिळे झालेच नाहींत. तेव्हां ग्रंथ रोमन लिपींत छापला. लिपीच्या बाबतींत माघार घेतली, भाषेच्या बाबतींत घेतली नाहीं. आपल्या हातीं जें साधन आहे त्यांत काम उरकावें, पण जें कामाचें मर्म आहे तें मात्र साधनापायीं सोडूं नये, आणि ह्या दोहोंतला भेद ज्यास वेळेवर कळला त्याचें अर्धें शिक्षण झालें, असें आम्हांस वाटतें. पुढें १६८४ त पोर्तुगीज सरकारनें देशी बोलीवर बंदी घातली. तरी लोकांनीं ह्या पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या, आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुनः छापलें गेलें. कर्ता १६१९ तच निवर्तला होता.

चौथें नांव थोड्या जणांनींच ऐकिलें असेल: आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गोव्यांतील सांत इस्तेव्ह. वैद्यकीचा अभ्यास सुरू केला होता, तो सोडून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, तेथील पाश्चात्य वळणानें समाधान होईना म्हणून शांतिनिकेतनास अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस ह्यांच्या हाताखालीं शिकले. गोव्यास परत येऊन त्यांनीं पवित्र मरियेस लुगडें नेसविलें, बाळ येशूला ह्या मातीचा रंग दिला. आज आपल्या देवळांत अशा चित्रापुढें आपण मेणबत्ती लावितों. त्या काळीं मात्र स्वकीयांनीं तें अधर्माचें मानिलें, आणि त्यांस गोवा सोडावा लागला. पुण्यास ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत त्यांस आसरा मिळाला, आणि तो आश्रम आंग्लिकन पंथीयांचा होता. कॅथॉलिक चित्रकाराला जागा दिली ती दुसऱ्यांनीं! ही गोष्ट आम्ही मुद्दाम मोठ्यानें सांगतों. आपल्याकडूनहि कांहीं आधार मिळाला, नाहीं असें नाहीं. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांतील इतिहासकार फादर हेरास ह्यांनीं त्यांस उत्तेजन दिलें. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेसंबंधींच्या संविधानांत सांगितलें कीं ख्रिस्तसभेनें कोणतीहि एकच कलाशैली आपली म्हणून मानिलेली नाहीं. तेव्हां फोन्सेका साठीच्या घरांत होते. १९६७ सालीं पुण्यांत ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पुढें गोव्यांतच, पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे, परत आला.

तीसपस्तीस वर्षें ज्या माणसानें घरच्यांची शाबासकी नसतांना रोज कुंचला धरिला, त्याचें बळ कशांत होतें? निंदकांशीं भांडण्यांत त्यानें आयुष्य घालविलें नाहीं, आणि त्यांना आवडेल तशी मरियाहि काढली नाहीं. स्थळ बदललें, काम बदललें नाहीं. तुमच्यांतील कोणास घर सोडून पुण्यासंभाजीनगरास जावें लागेल, तर त्यानें पळून गेल्यासारखें जाऊं नये; सांगून जावें, आणि सणाला घरीं यावें.

आतां थोडें वडील मंडळींशीं. मागील महिन्यांत एका गृहस्थानें आम्हांस विचारिलें, “फादर, पोराचा हात चित्रांत चांगला आहे म्हणतात, पण मी मजुरी करणारा, ह्याला रंग घेऊन देऊं कीं कामाला लावूं?” ह्यावर प्रार्थना करा म्हणून त्यांची बोळवण करणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं. शाळेंतून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ह्या शासनाच्या चित्रकला परीक्षा देतां येतात, फी थोडी असते. त्या आधीं होऊं द्याव्या. पुढें संभाजीनगर, नागपूर, मुंबई येथें शासकीय कलाशिक्षणाची सोय आहे, शिष्यवृत्त्या आहेत. तोंवर मुलानें सुट्टीच्या दिवशीं कामाला जाण्यास हरकत नाहीं. बाप ऐकून म्हणाला, “हें आम्हांला कोणी सांगितलेंच नव्हतें.” गुणाचा नाश निर्दयपणानें होतो त्याहून अधिक अशा न सांगण्यानें होतो.

आणि पैशाची गोष्ट. आपल्या समाजांत एक वाईट चाल आहे. मंडपवाल्यास पैसे, स्वयंपाक्यास पैसे, वाजंत्र्यास आगाऊ पैसे. पण ज्यानें गव्हाणीचा देखावा रंगविला, ज्या मुलीनें महोत्सवाचें गीत रचिलें, त्यांना नारळ आणि शाल. देवाचें काम आहे, असें म्हणून आपण त्यांचें तोंड बंद करितों. देवाच्या कामाला सिमेंट फुकट मिळत नाहीं, हें बांधकाम समितीनें आम्हांस चांगलें पटवून दिलें आहे. तरुणांनो, दान द्यावयाचें असेल तर जरूर द्या, पण आधीं आपल्या कामाची किंमत कागदावर लिहा आणि मग ती सोडा. म्हणजे घेणाऱ्यास आपण काय घेतलें तें कळेल. किंमत सांगतांना लाजूं नका, आणि सांगितलेल्या दिवशीं काम पुरें करून द्या. अपुरें काम दाखवून कौतुक मागणारे आम्हीं पुष्कळ पाहिले. दुसऱ्यांदा त्यांना कोणी बोलावीत नाहीं.

ह्याच अनुषंगानें एक निवेदन करावयाचें आहे. सभागृहाच्या मागील भिंतीवर महोत्सवाचें चित्र काढण्याचें काम आपल्या पाट्या रंगविणाऱ्या तरुणास दिलें आहे. त्याच्याशीं दर ठरला आहे, निम्मी रक्कम कोषाध्यक्षांनीं त्यास दिली आहे, उरलेली काम झाल्या दिवशीं मिळेल. विषय आहे गंगाखेडच्या घाटावर उभी असलेली पवित्र मरिया, कडेवर बाळ आणि डोक्यावर घागर. काम सुमारें तीन आठवडे चालेल. त्या मुदतींत मुलांनीं त्या भिंतीवर चेंडू मारूं नये, आणि मोठ्यांनीं शिडीखालीं उभें राहून लुगड्याचा रंग कोणता असावा तें त्यास सांगूं नये.